ब्रेकचा दिवा

आमची छोटी गाडी म्हातारी झाली, म्हणून दरवर्षी तिला तपासणीला न्यावं लागतं आणि दरवर्षी मी देव पाण्यात ठेवते. नातीला, आमच्या चिऊला, रोज शाळेतून आणतात ते हेच, माझे यजमान, आणि तेही ह्याच गाडीतून. गाडी मोडीत निघाली, तर आमचे हे अंथरूणच धरतील.

यंदा हॉर्न वाजला, वायपर फिरले. मग तपासनीस गाडीच्या मागे जाऊन ओरडला, "काका, ब्रेक दाबा!"

"दाबलाय!"

"दिवा लागत नाहीये. जरा जोरात!"

"अरे बाबा, दाबलाय की! आता काय पाय आरपार घालू?"

मी शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसले होते. एवढ्याशा दिव्यापायी गाडी जाते की काय! शेवटी तपासनिसाने ह्यांना उतरवलं, स्वतः बसून ब्रेक दाबला, आणि मागची भिंत लालेलाल झाली.

"वायर सैल असेल कुठेतरी. पण आता लागतोय," तो म्हणाला. "गाडी पास!"

माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. त्याचा पाय मधल्या पेडलवर होता. ह्यांचा दोन्ही वेळा डावीकडच्या पेडलवर होता, क्लचवर.



हे छाती फुगवून पुन्हा स्टेअरिंगवर बसले. "बघितलंस? उगाच घाबरतेस! पट्टा लाव चटकन, चिऊची शाळा सुटेल."