उजवा कौल

गुरुप्रसाद स्वाइन फ्लूने रत्नागिरीच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर होता. रोज सकाळी त्याचं रक्त तपासायला जायचं आणि दुपारी सीआरपीचा आकडा यायचा. "हा आकडा उतरायला लागला तरच मला काही बोलता येईल," असं डॉक्टर म्हणाले होते. आज तो कालच्या दुप्पट आला. डॉक्टरांनी गुरुप्रसादच्या बायकोकडे, वेदिकाकडे, न बघताच रिपोर्ट फायलीला लावला.

तेवढ्यात गावच्या देवळातून सासूचा, हौसाबाईंचा, फोन आला. "आला काय गो रक्ताचा रिपोर्ट?"

खरं सांगायला वेदिकाची जीभ रेटेना. "आला आई. आकडा निम्म्यावर आलाय."

पलीकडे देवळातली घंटा वाजली. मग हौसाबाई घाईघाईने म्हणाल्या, "हितं देवानं पण उजवा कौल दिलान गो! पोरगा वाचेल काय म्हणून विचारलेलं, तर उजवीकडचंच फूल पडलं. म्हंजे होकार!"

मूर्तीला चिकटवलेल्या फुलांना प्रश्न विचारतात, यावर वेदिका लग्नापासून हसत आली होती. आज आयसीयूच्या दाराला डोकं टेकून ती रडत रडत पुटपुटली, "मरू दे तो रिपोर्ट. देवाने दिलंय ना उत्तर."



देवळात हौसाबाईंनी फोन ठेवला, मूर्तीच्या डावीकडे पडलेलं फूल उचललं आणि गुरवाला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आप्पा, परत नको लावू. देव चुकला असंल. रक्त कशाला खोटं बोलंल?"