बोर्डातला दोष

"दोष मीच घातला हाय. शोधून दाखवा," म्हणत सुलोचनानं सर्किट बोर्ड धनीरामसमोर ठेवला.

धनीरामनं बाह्या मागे सारल्या. नवा कडक शर्ट पाठीला चिकटला होता. चौऱ्यांशी सालचा मे महिना आणि वरठी स्टेशनाजवळचं पत्र्याचं वर्कशॉप. पंखा नुसता नावाला फिरत होता.

शेतातल्या पंपाची मोटर जळू नये म्हणून हा बोर्ड. तो सुलोचनानं स्वतः आखलेला. पॉलिटेक्निकमधून आल्यापासून तिचा एकच ध्यास होता: बोर्ड बिघडला तर गावच्या मेकॅनिकला तो जागेवरच दुरुस्त करता यावा. म्हणून एका कडेला तपासणीच्या पिना, आणि प्रत्येकीशेजारी तिथं किती व्होल्ट हवेत ते छापलेलं.

याआधी तिघे येऊन गेले होते. एकानं बोर्ड हातातही घेतला नाही. दुसरा नुसता हसला. तिसऱ्यानं कौतुक पुष्कळ केलं आणि दोष शोधता शोधता बोर्डच जाळला.

"पोरी, हा तरी परत पाठवू नको," वडील सोमाजी तिच्या कानाशी पुटपुटले. "तुमसरात रेडिओ दुरुस्तीत नाव हाय त्याचं."

"एकदा हो म्हटलं का मागं फिरता येत नाही, बाबा. पाहू द्या मले."

धनीरामनं मीटर लावला. पहिली पिन बरोबर. दुसरीही. तिसरीवर काटा जागचा हलेना. त्यानं पुढच्या भागाकडे जाणारी जोडतार उपसली, आणि काटा टुणकन वर!

"खराबी पुढं हाय!" तो ओरडलाच. "हा कॅपॅसिटर शॉर्ट हाय!"

"बरोबर!" सुलोचनानं टाळीच वाजवली.

"लय झकास आखला तुमी. पण एक बोलू? राग येईन."

सोमाजींनी डोळे मिटले.

"बोला."

"पिना मेनलाइनच्या बाजूले काहून ठेवल्या? मेकॅनिकचा हात सरकला तर शॉक बसन ना त्याले."

सुलोचनानं पिनांवरून बोट फिरवून पाहिलं. मग तिनं झटक्यात कागद ओढला.

"मंग पिना इकडं घेतल्या तर?"

"रिले आड येते."

"रिले फिरवते!"

"फिरवा! अन् ट्रान्सफॉर्मर?"

"द्या ती पेन्सिल!"

दोघंही कागदावर वाकली. एक रेघ ओढायचं, दुसरं खोडायचं. आवाज चढले, हसू फुटलं, चहा तसाच निवला. सोमाजींनी दोनदा खाकरून पाहिलं, कुणाचं लक्षच नव्हतं.

शेवटी सुलोचनानं मान वर केली. तिचा चेहरा फुलून आला होता.

"बाबा, मले हे पसंत हायेत."

सोमाजी धावतच दाराबाहेर गेले. बाहेर कडुलिंबाखाली धनीरामचे आईवडील केव्हाचे बसून होते.

"व्याहीबुवा, आत या! पोरीनं हो म्हटलं. लगनाचा मुहूर्त काढू!"