हिरासाठी

"एकच गाणं चार वेळा? हा कॉम्प्युटर आहे की भंगाराची गाडी?" गोरक्षनं माऊस टेबलावर आपटला.

आदेश नुसता हसला. नारायणगावातला हा नावाजलेला डीजे त्याचा होता, ट्रॅक्टरभर स्पीकर होते, पण कॉम्प्युटरला तो स्वतः हात लावत नसे. "म्हनून तर तुमाला बोलावलं, सर. शुक्रवारी पिंपळवंडीची यात्रा हाय. तेवढं निस्तरून द्या." एवढं बोलून तो निघून गेला.

गोरक्ष कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. ज्यांना कॉम्प्युटर येत नाही त्यांना तो माणसांत धरत नसे, आणि नारायणगावात अशांचाच भरणा होता. बैलगाड्यांच्या शर्यतींमागं उन्हातान्हात धावणारे तर त्याच्या लेखी जनावरांच्याही खालचे. सासुरवाडी पिंपळवंडीची असूनही लग्नानंतर सात वर्षांत तो तिथल्या यात्रेला एकदाही गेला नव्हता.

प्रत्येक गाण्याच्या मागं त्याची माहिती लिहायचे रकाने असतात. गायक, अल्बम, वर्ष, शेरा. आदेशचा ऑपरेटर पप्पू यानं गायकाच्या जागी गाण्याचं नाव भरलं होतं आणि वर्षाच्या जागी स्वतःचा मोबाईल नंबर. गोरक्ष एकेक मोठ्यानं वाचून दाखवत होता. मागं उभा असलेला पप्पू खाली मान घालून ऐकत होता.

शेऱ्याच्या रकान्यापाशी गोरक्ष थांबला. साठ गाण्यांच्या दोन-दोन प्रती होत्या. एकीवर शेरा 'हिराला नको', दुसरीवर 'हिरासाठी'. त्यानं दोन्ही लावून पाहिल्या. पहिली कर्कश सायरननं सुरू झाली. दुसरीत तो सायरन कापून टाकला होता आणि गाणं हळूहळू वर येत होतं.

गोरक्षच्या बायकोचं नाव हिरा होतं. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची.

ते नाव त्यानं आजवर तोंडानं घेतलं नव्हतं. घरात 'अगं', बाहेर 'आमची'. आताही घेववेना. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"हिरा व्हय?" पप्पूचा चेहरा उजळला. "आमच्या पिंपळवंडीत हिराला कोन वळखत न्हाई, सर?"

"तुझी बरीच ओळख दिसते."

"ल्हानपनापासनं. लई जीव हाय माझा. पर सभाव भित्रा. मोठा आवाज झाला की अंग थरथरतं. मग मी मानंवरनं हात फिरवतो, तवा कुठं गप."

"आणि घरच्यांना चालतं हे?"

"न चालायला काय झालं? तेच म्हंत्यात, पप्पू असला की आमाला घोर न्हाई."

सासरच्या माणसांविषयी गोरक्षचं मत आधीच बरं नव्हतं.

"तेवढी हिरासाठीची काढू नका," पप्पू म्हणाला. "शुक्रवारी लागतील."

"नाही काढत."

पप्पू जेवायला गेल्यावर त्यानं काम उरकलं. 'हिरासाठी'च्या साठच्या साठ प्रती पुसून टाकल्या. मग उरलेल्या सायरनवाल्या गाण्यांवरचं 'हिराला नको' खोडलं आणि तिथं 'हिरासाठी' लिहिलं. लावू दे गाढवाला प्रेमानं. दचकू दे तिला चारचौघांत. त्याला मोठी गंमत वाटली.

शुक्रवारी तिला यात्रेत न्यायचं आणि थेट डीजेसमोर उभं करायचं, हे त्यानं ठरवून टाकलं. दोघांनी नुसतं एकमेकांकडं बघितलं, तरी तिला माहेरीच सोडून यायचं. कायमचं.

"अवो, खरंच नेताय?" हिरानं ठेवणीतली साडी नेसली होती. "सात वर्सं म्हनते मी." गाडीवर मागं बसून ती वाटभर बोलत राहिली. पिंपळवंडीच्या फाट्यावर तिला एकदम हसू आलं. "माझे आप्पा फोनवर म्हनत व्हते, यंदा गावात तुझ्याच नावाचा गवगवा हाय."

"लाज नाही वाटत सांगायला?"

"त्यात लाज कसली?"

त्यानं गाडीचा वेग वाढवला. मागं ती पदर सारखा करत बसली.

वेशीत मिरवणूक अडकली होती. गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती. आदेशचा ट्रॅक्टर मधोमध उभा होता आणि त्यावर कॉम्प्युटरपाशी पप्पू. गोरक्षनं गाडी मुद्दाम समोर, वीसेक पावलांवर नेऊन लावली.

"उतरू नको. तिकडं बघ," तो म्हणाला.

पप्पूनं मान वर केली. सरांना पाहून त्यानं हात हलवला. हिरावरून त्याची नजर तशीच पुढं गेली, जशी अनोळखी बाईवरून जाते. पक्का लबाड आहे, गोरक्षला वाटलं. मग पप्पूनं ट्रॅक्टरच्या पुढ्यातल्या घोळक्यात कुणाकडं तरी मायेनं बघितलं आणि यादीतलं एक गाणं निवडलं.

सायरन वाजला.

हिरा दचकली आणि तिनं गोरक्षची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"बाजूला व्हा, हिरा सुटला!" पुढ्यातला घोळका फुटला, आणि शर्यत जिंकून आलेला, गळ्यात हार घातलेला पांढरा बैल कासरा फरफटत सरळ त्यांच्या गाडीवर आला.