शॉवरची धार

कर्वेनगरच्या फ्लॅटमधला शॉवर नुसताच ठिबकायला लागला, तेव्हा हिंमतराव बायकोला म्हणाले, "मी असताना प्लंबर कशाला?"

"तुम्ही आहात म्हणूनच," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

हे मात्र हिंमतरावांच्या जिव्हारी लागलं. अख्खा रविवार घालवून त्यांनी शॉवर खोलला, व्हिनेगरमध्ये भिजवला आणि क्षारानं बुजलेलं एकेक भोक टाचणीनं मोकळं केलं. पुन्हा बसवून कॉक फिरवताच अशी धार सुटली, की बघायला आलेल्या सत्यशीलाबाई चिंब भिजल्या आणि तरीही हसल्या.

"आता पहिली अंघोळ तुमचीच!"

हिंमतराव ऐटीत बाथरूममध्ये शिरले.



शॉवरखाली बादली ठेवली, तांब्या घेऊन स्टुलावर बसले आणि आतून ओरडले, "अगं, नळापेक्षा लवकर भरली गं!"