नववं मिनिट

इंद्रनीलने बटण दाबलं आणि कँटीनच्या भिंतीवर पाच वर्षांनी पहिल्यांदा ती बाई दिसली. पांढरा कोट, निळी टोपी, तोंडावर सरकारी हसू. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टीही मारली.

क्लोनडॉकिन गावातल्या त्या कारखान्यात हृदयाजवळच्या शिरेत बसवायच्या बारीक नळ्या बनायच्या. त्या कशा बनवायच्या याची चौदा मिनिटांची फिल्म प्रत्येकाने वर्षातून एकदा पाहायची, हा नियम. फिल्म जुनी. ती चालायला ब्राउझरमध्ये वेगळं प्लगिन बसवावं लागायचं. पाच वर्षांपूर्वी ब्राउझरवाल्यांनी ते प्लगिन कायमचं बंद केलं आणि फिल्मच्या जागी नुसता करडा चौकोन दिसायला लागला.

नियम मात्र बंद झाला नाही. लोक चौदा मिनिटं त्या करड्या चौकोनासमोर बसायचे. कुणी विणकाम करायचं, कुणी सँडविच खायचं. वेळ संपली की खालचं बटण उजळायचं: ‘मी फिल्म पाहिली आणि मला समजली.’ ते दाबलं की पाच प्रश्न. उत्तरं फ्रिजच्या दारावर चिकटवलेली होती. तिसऱ्याचं ‘बी’, हे तर सगळ्यांना पाठ. प्रश्न कुणी वाचला नव्हता. रेकॉर्ड शंभर टक्के.

पण या सोमवारी बाहेरचे तपासनीस येणार होते, आणि त्यांना फिल्म पाहायची होती.

“ती नव्या फॉरमॅटमध्ये आण,” क्वालिटीचे हेड शशिकांत इंद्रनीलला म्हणाले होते. “कुठल्याही ब्राउझरवर, फोनवर, काही न बसवता चालली पाहिजे. चालली की तू पर्मनंट.”

इंद्रनीलचं काँट्रॅक्ट शुक्रवारी संपत होतं. काँट्रॅक्टबरोबर या देशात राहायचं परमिटही. ओंगारमधल्या भाड्याच्या घरात त्याच्या बायकोला, कौमुदीला, सातवा महिना लागला होता. तीन आठवडे खपून त्याने फिल्म बदलली.

आणि आता ती चालत होती. कुठे अडकत नव्हती, काही मागत नव्हती. “ग्रँड जॉब!” प्लांट मॅनेजर डेक्लन म्हणाला आणि त्याने इंद्रनीलच्या पाठीवर थाप मारली.

नवव्या मिनिटाला बाईने काचेची टाकी पुढे ओढली. तिच्यात पाणी भरलं. नळीचं एक तोंड बोटाने बंद केलं, दुसऱ्यातून हवा सोडली आणि नळी पाण्यात धरली.

“वीस सेकंद,” बाई म्हणाली. “बुडबुडा आला तर नळी फेकून द्या. हे प्रत्येक नळीला करायचं.”

मग एकेक मान खिडकीकडे वळली. तिथे तश्शीच टाकी होती. तिच्यात डेक्लनचे दोन सोनेरी मासे फिरत होते. टाकी लाइनवर रिकामी सापडली होती. कशासाठी आहे ते कुणाला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं, ते फिल्म बंद पडली त्याच हिवाळ्यात रिटायर होऊन गेले.

“म्हणजे तिसऱ्याचं ‘बी’ हे होतं होय?” लाइन लीडर योगिनी हळूच म्हणाली.

डेक्लन उगाचच माशांना खायला घालायला गेला.

शशिकांतनी इंद्रनीलला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“सर, रोज नऊशे नळ्या जातात आपल्या. पाच वर्षं…”

“मला गुणाकार येतो रे.”

“उद्यापासून टाकी लाइनवर घेऊ या. मासे ठेवू बादलीत.”

“आणि सोमवारी त्यांनी विचारलं, कालपर्यंत टाकी कुठे होती? मग? गेल्या त्या नळ्या परत मागवायच्या? कुठून? लोकांच्या अंगातून?”

शशिकांतनी ड्रॉवरमधून पाकीट काढलं.

“हे तुझं लेटर. सही कालच करून ठेवलीय. मी शब्दाचा पक्का आहे.” त्यांनी पाकीट पुढे केलं, पण कोपरा सोडला नाही. “फक्त नववं मिनिट काप.”

“सर, अहो, सगळ्यांनी पाहिलं ना ते.”

“कुणी पाहिलं? बटण दाबलंय का कुणी? बटण दाबलं नाही तोवर कुणी काही पाहिलेलं नाही.”

“पण…”

“जुन्या फिल्मला हात लावायची सोय नव्हती बघ. बंद डबा होता नुसता. आता सगळं ओपन. कुणीही उघडावं, कुणीही दुरुस्त करावं. खरंच, काय सोय झालीय!” त्यांनी कोपरा सोडला. “घरी कशा आहेत? जप रे त्यांना.”

इंद्रनील जागेवर येऊन बसला. त्याने फिल्म उघडली. बाई टाकी पुढे ओढते तिथे एक खूण केली, नळी बाहेर काढून पुसते तिथे दुसरी. दोन खुणांच्या मध्ये ती पाण्यात नळी धरून थांबली होती. हसत होती.

फोन थरथरला. कौमुदीचा मेसेज होता. ‘झालं का रे? इथे जीव वरखाली होतोय.’

त्याने डिलीट दाबलं. फिल्म एका मिनिटाने लहान झाली आणि जोड कुठे आहे तेही कळेनासं झालं. मग त्याने कौमुदीला लिहिलं, ‘झालं.’

सगळं मिळून चाळीस सेकंद लागले. तेवढ्यात दोन नळ्या तपासून झाल्या असत्या.