तुरटीचा खडा

तुरटीचा खडा फिरवला तरी रक्त थांबेना. न्हाव्याने कापूस दाबला, तो लाल झाला. दुसरा दाबला, तोही भिजला. खुर्चीत बसलेला त्याचा थोरला भाऊ आरशातून मिस्कील हसत होता.

"हात थरथरायला लागला की रे तुझा! आता मेंढ्या भादर. त्या तक्रार करत नाहीत."

बाकावरची गिऱ्हाइकं खो खो हसली. न्हावीही हसला, पण त्याची नजर दादाच्या गालावरच होती. काप नखाएवढासुद्धा दिसत नव्हता. तरी एवढं रक्त, म्हणजे वस्तरा खोल गेला असणार आणि आपल्याला धड दिसतही नाही. बाकावरचा एकजण हनुवटी चोळत उठला. "नंतर येतो," म्हणाला.

समोरच दवाखाना होता. दादाला तिकडे न्यावं, असं न्हाव्याच्या मनात आलं. पण न्हाव्याने कापलेला माणूस दवाखान्यात गेला, हे गल्लीभर झालं तर उद्या या खुर्चीत कोण मान टेकवणार? त्याने कापसाची जाड घडी करून गालावर पट्टी चिकटवली.

"घरी जाऊन पड जरा, दादा. आणि कुणाला बोलू नकोस."

"वेडा आहेस का? तुझी अब्रू ती माझी अब्रू."

संध्याकाळी निरोप आला. न्हावी धापा टाकत इस्पितळात पोचला, तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर हलक्या आवाजात सांगत होते, "घोट्याला साप चावलाय. या विषाने रक्त गोठेनासं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला. दुपारपर्यंत जरी आणलं असतं, तरी औषध होतं."

वहिनी भिंतीला टेकून बसली होती.

"सकाळी लाकडं रचताना काहीतरी चावलं म्हणाले. उंदीर असेल म्हणून हसण्यावारी नेलं. दुपारी गालाला पट्टी दिसली. विचारलं, तर म्हणे तारेने खरचटलं. मी तीनदा पट्टी बदलली, भाऊजी. एवढंसं खरचटलेलं इतकं वाहतं का कधी? मला कळायला हवं होतं. माझ्यामुळे गेले हो."

न्हावी तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"तार नव्हती, वहिनी. माझ्या खुर्चीत कापलं त्याला. रक्त थांबत नव्हतं, तरी मीच त्याला घरी पाठवलं."