हौदात पडलेला मोबाईल
म्हशीला पाणी पाजताना बनुबाईचा मोबाईल हौदात पडला. लेक सकाळपासून नगरच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी दाखल होती, जावयाचा फोन कधीही येणार होता. ओला मोबाईल पदरात गुंडाळून बनुबाई काष्टीच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणाऱ्या स्नेहलकडे धावली. "काकू, चालू करून बघू नका," म्हणत स्नेहलने तो उघडला, पाणी टिपलं आणि सुटे भाग पंख्यासमोर मांडले. "वाळायला दोन दिवस लागतील." बनुबाईने तिचा हात धरला. "अगं, तवर माझी लेक कशी हाय, कसं कळायचं? नंबर बी पाठ न्हाई." स्नेहलने सिमकार्ड पुसून स्वतःच्या मोबाईलमध्ये घातलं. पाचच मिनिटांत तो वाजला, तिने स्पीकर लावून तो बनुबाईच्या हातात दिला. "मामी, मुलगी झाली! दोघी बऱ्या हायेत," जावई ओरडला. मागून बाळाचं रडणं ऐकू आलं. बनुबाईने मोबाईल दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर धरला. "समदे गप ऱ्हावा! माझी नात बोलतीय."